काड्यापेट्यांचं घर

मिक्सर तापल्याचा वास आला की परळीतलं आमचं क्वार्टर आठवतं. नवरा वीजकेंद्रात शिफ्टला, खिडकीत राख. कॉलनीत घरोघरी केबल आली होती, आमच्याकडे मात्र बिघडलेला टेप. एका दुपारी त्याच्या मोटरवर लाकडी रूळ बसवला आणि त्याच्यापुढे काड्यापेट्यांचं घर केलं. रुळाचा एक फेरा म्हणजे एक दिवस. रुळावर खिळा ठोकावा त्या वेळेला घराचं दार ढकललं जाऊन उघडायचं, खिळा हलवला की वेळ बदलायची. शेजारच्या काकू बघतच राहिल्या. “लई भारी हाय गं! पन आत मानूस काहून न्हाई?” “शिफ्टला गेलाय,” मी म्हटलं. त्या हसत गेल्या. मग मी संध्याकाळच्या, शिफ्ट सुटायच्या जागी आणखी एक खिळा ठोकला. नवऱ्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळी मी दाराला आतून कडी घालत नाही.