बहिणीचा फॉर्म आणि नऊ होलांचा खेळ

आधी माफी मागतो. ज्यांच्या घरात पुस्तकं होती त्यांनी लिहावं, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरी कागद म्हणजे खुंटीला टांगलेल्या एका पिशवीतलं राशन कार्ड आणि वनजमिनीचा पट्टा. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. जे लिहिणार आहे ते माझ्याच विरुद्ध जाणारं आहे. तरी लिहितो, कारण तोंडी सांगायला गेलो की मी त्यात स्वतःला वाचवतो.

मी तेव्हा चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाव गडचिरोलीच्या पुढं, फाट्यापासून सहा किलोमीटर आत. गावात मोबाइलला रेंज नाही. तलावाच्या पाळीवर एका टोकाला उभं राहिलं तर कधीकधी फोन लागतो.

बहीण माझ्याहून एका वर्षानं लहान. तिची बारावी झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. जानेवारीत नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले. त्याच दिवसांत आमच्याकडचे लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, ते दोन-अडीच महिन्यांनीच परततात. परीक्षा मधातच येणार होती. घरात बरीच बोलाचाली झाली, आणि शेवटी आईनं ठरवलं, फॉर्म भरला गेला तर पोरगी घरी राहून अभ्यास करेल. नाही भरला तर बुधवारच्या गाडीनं मजुरांसोबत जाईल.

फॉर्मची शेवटची तारीख रविवार. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपून तिला त्याच दिवशी गडचिरोलीला, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवर जाणं जमणार होतं. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा द्यायचा होता, कारण घरात कायम लागणारा नंबर तेवढाच. त्या नंबरवर ओटीपी येतो, दहा मिनिटं चालतो, आणि तो सांगितल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. शनिवारी ती शेजाऱ्याचा फोन घेऊन पाळीवर आली.

"दादा, उद्या तीन-चार वाजता सेंटरवाल्याच्या फोनवरून लावीन. फोन हातातच ठेवजो."

"ठेवतो ना."

"चार्जिंग करून ठेवजो. तू इसरतो नेहमी."

"अवं, नाई इसरत."

त्या रविवारी वर्गातल्या एका मित्राचा वाढदिवस होता. त्याचे वडील कोळसा खाणीत साहेब. शहराबाहेर नागपूर रोडला नवीन मिनी गोल्फ सुरू झालं होतं. तिथं त्यानं तिघांना बोलावलं. वरोऱ्याचा एक जण, ज्याच्या घरी कापसाचा व्यापार, माझा रूम पार्टनर, आणि मी. मला कुणी अशा ठिकाणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ. मी शर्टाला इस्त्री करून घेतली.

आत प्लास्टिकच्या हिरव्या गवताच्या नऊ अरुंद पट्ट्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी एक होल, मधात कुठं पूल, कुठं चढ, कुठं फिरणारी पवनचक्की. बॉल स्टिकनं ढकलत होलात घालायचा. ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला.

सुरुवातीलाच वाढदिवसवाल्यानं आपली टोपी उलटी धरली.

"फोन टाका बे सगळे इथी. जो मधात फोन मागीन, त्याले दोन फटके जास्त."

मी थांबलो.

"तुले कोनाचा येऊन राह्यला बे? कलेक्टरचा?" वरोऱ्याचा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो आणि फोन टोपीत टाकला. सव्वातीन वाजले होते. ओटीपी येणार आहे, एवढं बोललो असतो तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण मग कशाचा ओटीपी, कुणाचा, आजच का, हे सगळं आलं असतं, आणि मिरचीही आली असती. वडील शेती करतात, एवढंच मी दीड वर्षं सांगत आलो होतो.

पहिल्या दोन होलांना माझी स्टिक जमिनीवरच आपटली. "अबे, फावडं नोहे ते," रूम पार्टनर म्हणाला. तिसऱ्या होलाला उतार होता, आणि तिथं मला एक गोष्ट कळली. धानाच्या बांधीत पाणी सोडलं की ते कुठं वळेल, कुठं थांबेल, हे बघायची मला लहानपणापासून सवय आहे. बॉल तसाच जात होता. होलाकडं न मारता मी वरच्या कडेला हळूच मारला, आणि तो वळून आपोआप आत गेला.

चौथ्या होलावर सिमेंटचा वाघ होता. बॉल त्याच्या उघड्या जबड्यातून जायला हवा.

"हा तर तुयाच गावचा. ओळख दे त्याले," वरोऱ्याचा म्हणाला.

मी एका फटक्यात घातला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, कॉलेजात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. सहाव्या होलापर्यंत मी एका फटक्यानं सगळ्यांच्या पुढं होतो.

तिथंच टोपीतला एक फोन थरथरला. टोपी बाकावर होती, कुणाचा फोन ते दिसत नव्हतं. थांबला आणि परत थरथरला. मला माहीत होतं. दोन फटके जास्त म्हणजे पहिला नंबर गेला. अजून तीनच होल, दहा मिनिटांत होतील, तोवर ती दुसरा ओटीपी मागवेल, असं मी मनात बसवलं.

"काय पाहून राह्यला बे? मार ना."

"मारतो."

मी मारला.

दहा मिनिटांत होईल असं वाटलेलं संपायला पाऊण तास लागला. पवनचक्कीपाशी वरोऱ्याचा अडकला, मग पुढच्यांची रांग लागली. मी जिंकलो. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, फोटो काढला. मग मी टोपीतून फोन घेतला. पाचला पाच मिनिटं होती. नऊ मिस कॉल आणि चार ओटीपी. चारही मेलेले. मी तिथूनच नंबर लावला.

"ते पोरगी गेली भाऊ," सेंटरवाला म्हणाला. "पाचच्या शेवटच्या बसले पळाली आत्ताच. पाऊन घंटा बसवून ठेवलो तिले."

"आता नवीन ओटीपी आला तर मी सांगतो ना."

"तिचे कागद, फोटो, सही, सारं तिच्याच पिशवीत. मी कायचा भरू? आन आज लास्ट डेट होती."

"काही म्हणाली का?"

"नाई. तुमाले काई झालं तं नाई ना, हेच इचारत होती घडीघडी."

मित्रांना तेव्हा सांगितलं. वाढदिवसवाला म्हणाला, "यार, सांगाचं नाई का? मीच उचलून देल्लो असतो." तो खरंच उचलून देणारा होता. त्याच्यावर चिडायलाही मला जागा उरली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. केक न खाता मी रूमवर आलो.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर आलं की फॉर्मची तारीख आठ दिवसांनी वाढली. गाडी बुधवारी जाणार होती, म्हणजे दोन दिवस हातात होते. शेजाऱ्याचा फोन लागत नव्हता. मी स्वतः गावी जायला हवं होतं. दुपारी माझं प्रॅक्टिकल होतं, आणि मी प्रॅक्टिकलला बसलो. हेही लिहायला हवं. चिठ्ठी लिहून फाट्यावरून जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ दिली, फाट्यावरच्या चहावाल्याकडं द्या म्हणून. आमच्याकडं निरोप असेच जातात. चिठ्ठीत लिहिलं, तारीख वाढली आहे, तिला परत गडचिरोलीला पाठवा, मी फोन सोडणार नाही.

मग मी फोन सोडला नाही. वर्गात, मेसमध्ये, आंघोळीला जातानाही बरोबर नेला.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. पाळीवर वारा होता, शब्द तुटत होते.

"चिठ्ठी अंगणवाडीच्या बाईनं वाचून देल्ली. पन तारीख वाढून काय होते बाबू? तिनंच सांगतलं, मले नाई शिकाचं, म्हनून मी फॉर्म भरलाच नाई. तुया बाप लय बोलला तिले."

"असं म्हणाली ती?"

"हव. तू काऊन इतका जीव लावून राह्यला?"

मी म्हणालो, आई, तिला आजच्या आज गडचिरोलीला पाठव, मी खरं काय ते नंतर सांगतो.

"आता कुठून पाठवू? मुकादमानं गाडी एक दिवस आधीच आनली. चिठ्ठी भेटली काल सांजेले, पोरगी काल सकाळीच गेली."