सलीमचा पाइप

भद्रावतीच्या स्टँडवर मी चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. गडचिरोलीहून आलेल्या एसटीचा कंडक्टर उतरला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा पाइपवाला सलीम गेला जी. अटॅक आला. परवाच माती झाली." दीड महिना झाला या गोष्टीला. ऐकताक्षणी माझ्या मनात काय आलं, ते लिहायलाही लाज वाटते. वाटलं, सुटलो... आता त्याला सांगावं लागणार नाही.

सलीम आणि मी चंद्रपूरच्या आयटीआयला एका बाकावर बसायचो. मी इकडे कारखान्यात चिकटलो, तो गडचिरोलीत वडिलांच्या दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करू लागला. काम त्याच्या हातचं असायचं, पण कागदावर सही कुणा इंजिनीयरची. ते त्याला फार खुपायचं. त्या सुमारास इंटरनेटवरून इंजिनीयरिंगची पदविका देणारा एक अभ्यासक्रम निघाला आणि पठ्ठ्याने नाव घातलं! धडे ईमेलने यायचे आणि त्याच्या गावात नेटचा पत्ता नव्हता. मग मी दर रविवारी भद्रावतीच्या नेट कॅफेत धडे छापायचो आणि दोन्हीकडून झाकणं लावलेल्या पाइपच्या तुकड्यात घालून गडचिरोलीच्या कंडक्टरकडे द्यायचो. पाइप सलीमनेच बनवलेला. बुधवारी तोच पाइप सोडवलेली उत्तरं घेऊन परत यायचा. कागदांना वाइंडिंगच्या वॉर्निशचा वास असायचा. "आमचं कॉलेज एसटीनं येते बे," असं तो सगळ्यांना ऐटीत सांगायचा.

अशी चार वर्षं गेली. सगळे पेपर निघाले, फक्त शेवटचं प्रात्यक्षिक राहिलं. त्याची तारीख मेलवर येणार होती. नेमके तेव्हा क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि मी ओळीने दोन रविवार टीव्हीसमोरून हललो नाही. तिसऱ्या रविवारी मेल उघडला, तर नागपूरचं प्रात्यक्षिक शुक्रवारीच होऊन गेलेलं. अभ्यासक्रमाची मुदतही तिथेच संपली, म्हणजे पास झालेले पेपरही वाया. मी फोनवर म्हणालो, "मेलच नाही आला यार." तो म्हणाला, "असन. जंगलातल्या मानसाले कोन याद ठेवते बे!" आणि हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो. रझियावहिनींनी आतून पाइप आणून दिला. "हे तुमालेच पाठवाचं होतं त्यायले. गाडीवर देतो देतो म्हनत राहून गेलं." मी तिथेच झाकण काढलं. आत त्याच अभ्यासक्रमाचा नवा अर्ज होता, पूर्ण भरलेला. त्यात गुंडाळून तोच मेल. गडचिरोलीत आता कॅफे निघालाय, तिथे छापलेला. खातं त्याचंच होतं, पासवर्ड मीच कधीतरी लिहून दिला होता. प्रात्यक्षिकाची तारीख आणि मेल आल्याची तारीख, दोन्ही त्याने पेन्सिलीने अधोरेखित केल्या होत्या. अर्जात 'कोणास कळवावे' या रकान्यात नाव मात्र माझंच. सोबत एक चिठ्ठी होती : "दिन्या, या खेपेला रविवार चुकवू नोको बे."

वहिनींनी विचारलं, "काय लिवलं हाय?" मी चिठ्ठी पाइपात घालून झाकण लावलं.

पाइप आता आमच्या टीव्हीवर असतो. रविवारी सकाळी मी कपडे करतो, कॅफेपर्यंत जातो, दाराशी जरा उभा राहतो. पाठवायला काहीच नसतं.