राजवाड्यातले आजोबा

प्रभाताईंनी इमारतीच्या खालच्या दाराच्या फटीत एक चप्पल अडकवली आणि दुसऱ्या पायातली घालून लंगडत बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. स्टुटगार्टला मुलाकडे येऊन वर्ष होत आलं, तरी त्यांच्याकडे किल्ली नव्हती. दार आपोआप बंद होणारं. एकदा बंद झालं की मुलगा-सून ऑफिसातून येईपर्यंत बाहेरच. मग करणार काय?

दार उघडं राहतं म्हणून तळमजल्यावरच्या फ्राऊ केसलरनी घरमालकाकडे तक्रार केली.

“आई, इथे हाउसओर्डनुंग असते, इमारतीचे नियम असतात,” मुलगा, विलास, वैतागला. “पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागेल.”

“मग किल्ली दे.”

“मालकाच्या परवानगीशिवाय दुसरी बनत नाही गं. बघतो. आणि तू एकटी जाणार कुठे?”

‘बघतो’चा अर्थ बायकांना समजावून सांगावा लागत नाही. प्रभाताई आत जाऊन पडल्या. भांडायचंही त्राण नव्हतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच हट्टापायी सगळे इंग्लंडला गेले. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले त्यांचे आजोबा तिथल्या एका समुद्रकाठच्या गावात, राजवाड्यातल्या इस्पितळात होते. माहेरी हा राजवाडा पिढ्यान्‌पिढ्या मिरवला गेला. आजोबा स्वतः मात्र त्याबद्दल बोलत नसत. फक्त घराच्या दाराला कडी लावू देत नसत. साहेबाची मोकळी हवा अंगी लागलीय, म्हणून सगळे हसायचे.

गाईडबाईंनी घुमट दाखवले, हिरवळ दाखवली. मग म्हणाल्या, “इथे कुंपण होतं, पहारा होता. बरे झालेल्या हिंदी शिपायांनासुद्धा एकट्यानं गावात जायची बंदी होती. हे कुठल्या फोटोत दिसायचं नाही.”

समुद्र दोन गल्ल्या सोडून होता. नात इरानं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. “खापरपणजोबा समुद्रावर गेले असतील का, विचारतेय,” सून लता म्हणाली.

“बोटीतून पाहिला असेल तेवढाच,” म्हणत प्रभाताई तिथल्या पायरीवर टेकल्या.

परत आल्यावर चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “विलास, किल्ली.”

“आई, आत्ता कुठे बॅगा ठेवल्यात! थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“आजोबांनाही असंच सांगितलं असेल.”

“म्हणजे मी तुला कोंडून ठेवलंय?”

लतानं पर्समधून जुडगा काढला आणि नखानं कडी उचकटून खालच्या दाराची आणि घराची अशा दोन किल्ल्या सोडवल्या.

“अहो आई, या घ्या. मी बेल वाजवीन.”

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही चपला घालून खाली उतरल्या. दार मागे खट्‌कन लागलं, तरी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. लता खाली थांबली.