हात मागे बांधणारी नर्स

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हाडात इन्फेक्शन झालं. सहा आठवडे रोज शिरेतून अँटिबायोटिक घ्यायचं होतं, तेही घरीच. पहिले तीन दिवस ते शिकवायला अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या घरी एक नर्स आली. पन्नाशीची, ठेंगणी, दारात बूट काढून आधी हात धुवायला गेली.

पहिल्या दिवशी तिनं सगळं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या पिशवीची नळी माझ्या हातात दिली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ती माझ्या दंडात बसवलेल्या नळीला जोडायची होती; दंडातली नळी थेट हृदयाजवळ जाते, हे ऐकल्यापासून मी तिला हात लावायला धजत नव्हतो.

"अहो, त्यांनाच करू द्या ना," बायको म्हणाली.

नर्सला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. ती इंग्रजीत म्हणाली, "चुकलात तर मी थांबवीन. पण मी हात लावला, तर उद्या तुम्ही माझी वाट बघत बसाल."

मी दंडातल्या नळीचं टोक पुसलं, औषधाच्या नळीतली हवा काढली, ती जोडली. थेंब पडू लागले. ऑफिसात मीही अनेकांना काम शिकवलं होतं, पण समोरच्याच्या हातातला माउस न हिसकावता क्वचितच.

तिसऱ्या दिवशी बर्फामुळे तिला उशीर झाला. ती आली तेव्हा मी औषध लावून चहा पीत होतो. तिनं पिशवीवरचं नाव वाचलं, थेंब निरखले आणि खुर्ची ओढून बसली.

"चहा मलाही द्या," ती म्हणाली. "आज इथे मला दुसरं काही काम दिसत नाही."