तुला चिकूत पिकत घातलं तेव्हा

परवा फोनवर तू रडवेल्या आवाजात म्हणालास, "आजी, ताई मला खेळायला घेत नाही." मला इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. अरे, तुझ्याशी कधी एकदा खेळायला मिळतंय म्हणून याच ताईनं काय करून ठेवलं होतं, ते तुला कुणी सांगितलेलंच दिसत नाही! हे पत्र तिलाच मोठ्यानं वाचून दाखवायला लाव. तिला यातलं काही आठवत नसणार.

तुझा जन्म इथला, डहाणूचा. तुझी आई बाळंतपणाला माहेरी आली आणि ताईलाही सोबत घेऊन आली. तुझ्या आईला मालिश, अंघोळ, शेक आणि झोप एवढंच काम. बाकी तुम्ही दोघं माझ्या ताब्यात. मला सगळं जागच्या जागी लागतं. दुपट्यांच्या घड्या एका मापाच्या, धुतलेल्या वाट्या पालथ्या, चपला दाराच्या डाव्या बाजूला. आठवड्याभरात कळलं, की शिस्त ही ज्याची त्याला पुरते, मुलांना ती वाटून देता येत नाही.

ताईचं एकच गाऱ्हाणं होतं. "हा नुसता झोपतो. चेंडू दिला तर धरत पण नाही."

"तयार व्हायला वेळ लागतो, बाळा."

"किती वेळ?"



वाडीत तेव्हा चिकूची तोड चालली होती. विकायचे चिकू कडक असतानाच क्रेटमध्ये भरून टेम्पोनं जायचे. घरी खायचे मात्र मी मागच्या खोलीत जमिनीवर पेंढा पसरून त्यात पिकत घालते. ताई माझी मदतनीस. मीही शिकवण्याच्या हौसेनं तिला सगळं समजावलं. आधी धुऊन कोरडे करायचे, मग उबेत ठेवायचे. शेजारी एखादा पिकलेला ठेवला की बाकीचे लवकर पिकतात. आणि मधूनमधून हलक्या बोटानं दाबून बघायचं, मऊ झाला की तयार. विद्यार्थिनी फार गुणी! एकदा सांगितलं की पाठ.

त्या सकाळी तुझी अंघोळ झाली, धुरी झाली आणि तू गादीवर गाढ झोपलास. तुझी आई न्हाणीघरात, मालिशवाल्या मावशींच्या हाताखाली. अंगणात टेम्पो भरत होता. दूध उतू जाईल म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, तर गादी रिकामी!

कुशीवरही न वळणारं बाळ जाणार कुठे? पाळण्यात पाहिलं, दाराआड पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. ताई ओट्यावर बसून पाय हलवत होती.

"ताई, बाळ कुठाय?"

"चिकूत ठेवलाय."

"चिकूत?"

"हो. पिकायला."

आणि नेमका तेव्हाच टेम्पो फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला.

अरे, मी काय धावले! पायात चप्पल नाही, पदर कुठल्या कुठे. "थांबा! अहो, थांबा! माझं बाळ!" कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या काकू सुकत घातलेले बोंबील सोडून माझ्यामागे पळाल्या. सरावलीच्या रस्त्याला लागायच्या आत टेम्पो थांबला. चालक गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावचा, अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलणारा.

"शुं थयुं, बेन? माल कमी भरला काय?"

"क्रेट उतरवा! सगळे! आपटू नका, एकात बाळ आहे!"

"अरे बेन, मी चिकू भरले, बाळ नाय भरला!"

"उतरवा म्हणते ना!"

तो बिचारा क्रेट खाली ठेवत होता आणि मी चिकू उपसत होते. काकूंना दम लागला होता, तरी बोलायचं त्या सोडतात थोड्याच! "एवढी शिकलेली तू गं, आणि नातू चिकूत हरवलास?"

तेवढ्यात मागून ताई आली. गाल फुगलेले.

"आजी, हे तर विकायचे चिकू आहेत. आपण बाळ विकणार आहोत का? तो घरच्या चिकूत आहे!"

उलट्या पावली सगळी वरात मागच्या खोलीत. चालकही आलाच, हातात एक चिकू तसाच. पाहतो तर पेंढ्यावर दुपटं आणि दुपट्यावर तू, शांत झोपलेला. ताईनं तुला दुपट्यासकट अलगद ओढत नेलं होतं. अंगावर उबेसाठी पांघरलेला तिचा आवडता फ्रॉक, दोन्ही बाजूंना एकेक पिकलेला चिकू. मी तिथेच फतकल मारून बसले आणि तुझ्या छातीवर हात ठेवला. श्वास कसा संथ चालला होता!

ताई उकिडवी बसली. शिकवल्याप्रमाणे तिनं हलक्या बोटानं तुझा गाल दाबला. कपाळाला आठी पडली.

"आजी, हा तर मऊ आहे. मग खेळत का नाही?"

तिनं दुसरा गाल दाबून पाहिला. तू डोळे उघडलेस, तिच्याकडे पाहिलंस आणि हसलास. नेहमीचं ओठातलं नव्हे, खळखळून, आवाज काढून, पोट हलवत हसलास! आयुष्यातलं तुझं पहिलं मोठ्यानं हसणं.

"आजी! पिकला! पिकला!" ताई किंचाळली आणि चेंडू आणायला पळाली.

न्हाणीघरातून तुझ्या आईनं हाक मारली, "आई, कोण ओरडतंय गं? बाळ झोपलंय ना?"

मी तोंड उघडायच्या आत उत्तर दिलं ते चालकानं.

"नाय बेन, पिकून तैयार छे!"