भावजी आणि सकाळी आखडणारी बोटं

दुसऱ्याच्या दुखण्यावर माझ्या नणंदेच्या थोरल्या दिरांइतका जीव लावणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. लातूरच्या एका कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं, पण मन सगळं माणसाच्या एका जीनमध्ये. ड जीवनसत्त्व पेशीपर्यंत पोचलं तरी त्याला आत घेणारं कुणी तरी लागतं. तो दरवान कसा घडायचा ते हा जीन ठरवतो. काहींमध्ये त्याची घडण जराशी वेगळी असते. थायरॉईडच्या काही दुखण्यांसारखं शरीर स्वतःवरच उलटतं, अशा आजारांशी त्या वेगळेपणाचं नातं आहे का, हा एकच प्रश्न उराशी धरून भावजी जगले. त्यामुळे नातेवाईक त्यांना नावानं आठवतच नसत. "ते उदगीरचे थायरॉईडवाले आलेत का?" असं भर मांडवात मोठ्यानं विचारायचे. भावजींनी कुणाशी हात मिळवला की सोडायचे नाहीत. बोटांची पेरं एकेक करून चाचपायचे. एका नवरदेवाच्या मामानं तर घाबरून अंगठी काढून खिशात घातली होती. उन्हाचं वेड निराळंच. सगळे मांडवाच्या सावलीत, हे बाहेर खुर्ची टाकून बसलेले. "भावजी, आत या की," म्हटलं तर म्हणायचे, "उन्हाचं औषध घेतोय, थांबा जरा."

उदगीरच्या अशाच एका लग्नात मी पंगतीत वाढत होते. त्या दिवसांत सकाळी माझी बोटं इतकी आखडायची की नांदेडला शाळेत पहिल्या तासाला खडू धरवत नसे. वय झालं असेल, असं म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. भाजीची बादली मुठीत न धरता मनगटावर अडकवून चालले होते, ते भावजींनी पाहिलं. अर्धं जेवण टाकून उठले आणि म्हणाले, "वहिनी, सकाळी बोटं आखडतेत का?" सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मी चिडून म्हटलं, "काही नाही हो, कामानं होतं तसं." ते परत पानावर जाऊन बसले. पण पुढच्याच आठवड्यात एसटीनं नांदेडला येऊन आमच्या दारात उभे. माझ्या यजमानांना म्हणाले, "पाव्हणं, वहिनीला लातूरला डॉक्टरकडं न्यायला आलोय. यायचं तर चला, न्हाई तर हातानं करून खा."

आमवात निघाला, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेलं. "सांधे अजून वाकडे झाले नाहीत, वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी खडू पुन्हा हातात बसला.

खरी परीक्षा पुढे होती. माझ्या लेकीचं लातूरच्या एका डाळमिलवाल्यांकडे जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या आईला माझ्या आजाराचं कळलं. "आईचं लेकीत उतरतं म्हणतेत. आधी तपासून घ्या," असा निरोप आला. मी तडक भावजींकडे गेले. म्हटलं, "तिचा तो जीन तपासा. चांगला निघाला तर कागदच दाखवू त्यांना."

जन्मभर अभ्यासासाठी पाहुण्यारावळ्यांकडे रक्त मागणारा हा माणूस पहिल्यांदाच नाही म्हणाला.

"त्याच्यातून तिचं पुढचं काय बी कळत न्हाई, वहिनी. तो फरक असलेले ठणठणीत फिरतेत, नसलेले आजारी पडतेत. एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्याशी जुळत न्हाई. लेकराच्या कपाळाला मी असला कागद चिकटवणार न्हाई. चला, मीच बोलतो त्यांच्याशी."

लेकीला घेऊन आम्ही मुलाच्या घरी गेलो. चहा आला. भावजींनी कपाला हातही लावला नाही. मुलाच्या आईला म्हणाले, "ताई, तो फरक माझ्यात हाय. माझ्या सख्ख्या बहिणीत बी होता. तिची बोटं आमवातानं पार वाकडी झाली. घरात शिकलेला भाऊ असून मला लई उशिरा दिसलं. आणि मी बघा, असा धडधाकट. एकच आई, एकच बाप. आता कुणाच्या रक्ताला नाव ठेवायचं?"

इतक्या वर्षांत बहिणीचं त्यांनी आमच्यापुढे कधी काढलं नव्हतं. मग त्या बाईंनी पदर सावरला, आपले दोन्ही हात हळूच पुढे केले आणि आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, माझी बी मनगटं सकाळी धरतेत. हे त्यातलंच असंल का?"

"असंल, नसंल. डॉक्टरला दाखवू," म्हणत भावजींनी तिथंच त्यांची पेरं चाचपायला घेतली. मुलगा हसला, माझी लेक हसली, आणि लग्न ठरलं.

आता भावजी थकलेत, मुलाकडे बेंगळूरला असतात. ऐकू कमी येतं, म्हणून फोन फारसे होत नाहीत. मागे एकदा झाला तेव्हा म्हणाले, "आपला प्रश्न काय सुटला न्हाई बघा, वहिनी. जीनचं कोडं तसंच राहिलं."

मी फोन घट्ट धरून मोठ्यानं म्हटलं, "माझ्यापुरता तर सुटला, भावजी."

ऐकू आलं की नाही, कळेना. मग त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "जेवण झालं का?"