कौसाला मी शिकवलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढं बसले तरी या गोष्टीपाशी आले की मन आपोआप दुसरीकडं वळायचं — म्हणजे देवालासुद्धा कुठं सांगितलं? तुम्ही समोर बसलात म्हणून सांगते. सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही.

माझं माहेर जालन्याचं. वडील कचेरीत कारकून. पोरींना शाळेत घालायची रीत आमच्यात नव्हती, पण वडिलांना एक नाद होता — जेवताना प्रश्न विचारायचे. चंद्राला स्वतःचा उजेड असतो का? रेशीम कशापासून होतं? थंडीत तोंडातून वाफ का निघते? विमान हवेत कसं तरंगतं? कुठून कुठून वाचून ते ही माहिती गोळा करायचे. माझं उत्तर बरोबर आलं की आपल्या ताटातला गुळाचा खडा मला द्यायचे. अशी मी शहाणी झाले. आणि मग मला दिली आष्टीला — मोठ्या शेतीवाडीच्या घरात, जिथं सुनांना गोषा होता.

गोषा म्हणजे काय, ते आता सांगून कळेल का? पुढच्या दारापर्यंत जायचं नाही. आडाचं पाणी गडी आणून ठेवायचा. देवाला जायचं तर पडदा लावलेल्या गाडीतून. आष्टीचा बाजार भरला की मला गलक्यावरून कळायचं, पण तो बाजार मी पाहिलेला नव्हता. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी खाली पडायची आणि दिवसभर भुईवरून सरकत जायची. ती बघत मी डाळ निवडायचे. सासूबाई बोलायच्या त्या कामापुरत्या. नवरा वाईट नव्हता, पण तो शेतात, नाहीतर बैठकीत.

त्या घरात माझं म्हणावं असं माणूस एकच होतं — कौसा. माझी धाकटी नणंद. माझ्या ताटात जेवायची, हसायला लागली की तोंडात पदर कोंबायची. ती नसती तर मी त्या घरात बोलणंच विसरून गेले असते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं, एवढंच.

कौसाला औरंगाबादचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, दफ्तरात नोकरीला. त्यानं मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं म्हणे — मुलीला स्वयंपाक आला नाही तरी चालेल, पण जगाची थोडी माहिती पाहिजे, मी प्रश्न विचारणार. घरात सगळे हसले. मग सासऱ्यांनी दाराबाहेर उभं राहून मला सांगितलं, "सूनबाई, हे काम आता तुमचं. कौसाला तयार करा."

मी केली की तयार! जात्यावर बसून, वाती वळता वळता, वडिलांनी मला दिलेलं सगळं मी तिला दिलं. तीही कशी — एकदा सांगितलं की पुरे. वर मलाच विचारायची, "चंद्र रातचा असतो तर मंग कधीमधी दिवसा बी दिसतो, ते कसं काय वैनी?" मला सांगता यायचं नाही. मी म्हणायचे, तेवढं विचारत नाहीत. आणि ती आपली झरोक्याकडं बघत विचार करत बसायची.

खरं सांगू? ते दिवस माझे त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. आणि ते संपणार होते, हे मला कळत कसं नव्हतं?

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी तुरी निवडत होतो. कौसाला गप्प बसवत नव्हतं. म्हणाली, "औरंगाबादला गोषा बिलकुल न्हाई म्हणं. मी तर चपला घालून रस्त्यानं चालणार, वैनी. एकदा ह्या दारातून गेले की मागं वळून बघणार न्हाई."

तिच्या मनात काही नव्हतं. पण तिच्या मागं कोण राहणार होतं? मी. तुरी, जातं, सासूबाई, आणि मी.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "वैनी, ते नदीचं विचारत्यात म्हणं. आपली गोदावरी कोणत्या समुद्राला मिळती?"

मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला पक्कं माहीत होतं. वडिलांनी विचारलेलं होतं, गुळाचा खडा मिळालेला होता. मी सूप पाखडत होते. आणि सूप न थांबवता म्हणाले, "मुंबईच्या समुद्राला."

कौसाचा हात थांबला. तिचं आजोळ शहागडचं, लहानपणी ती त्याच नदीत पोहलेली. म्हणाली, "पण शहागडला तर पाणी उगवतीकडं वाहतं. मुंबई मावळतीला ना? तुम्हीच सांगितल्तं."

तिनं मला दार उघडून दिलं होतं. चुकलं गं, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काय गेलं असतं? पण मी म्हणाले, "पुढं वळते ती."

तिनं हातातल्या तुरी सुपात टाकल्या. मग मान हलवली. "तुम्ही म्हणता तर वळत असंल."

दुसऱ्या दिवशी पाहुणे परतूर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आले. मी आतल्या दाराच्या पडद्यामागं उभी. कौसानं सगळं बरोबर सांगितलं — चंद्र, रेशीम, वाफ. मुलाचा आवाज खूश वाटत होता. मग त्यानं नदीचं विचारलं. कौसा म्हणाली, "मुंबईच्या समुद्राला." तो चांगला होता हो. त्यानं तिला सावरायची संधी दिली. म्हणाला, "तुमचं आजोळ शहागडचं ना? तिथं पाणी कुणीकडं वाहतं?"

"उगवतीकडं." मग जरा थांबून — "पण पुढं वळतं."

त्याचा मामा मोठ्यानं हसला. "पढवून ठेवलीय पोरगी! सोताच्या डोळ्यानं बघितलेलं बी खरं वाटंना तिला."

मी पडद्याला हात लावला होता. बाजूला सारला नाही. सुनेनं परक्या पुरुषांसमोर बोलायचं नसतं — आजवर ज्या पडद्याला मी शिव्या दिल्या, त्याच्यामागं त्या दिवशी मी किती खुशाल लपले!

नकार आला तेव्हा सासरे परत दाराबाहेर उभे राहिले. "सूनबाई, नदीचं तुम्ही काय सांगितल्तं?"

आणि मी म्हणाले, "मी बराबर सांगितल्तं, मामंजी. कौसाबाईंच्या ध्यानात राहिलं न्हाई."

कौसा माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. आता ती खरं सांगणार, असं मला वाटलं. ती बापाला म्हणाली, "हां आबा. वैनीनं बराबरच सांगितल्तं. मीच येडी." आणि उठून चुलीकडं गेली.

ती खरं बोलली असती तर सासूबाईंनी माझं काय केलं असतं, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत तिला घनसावंगीला दिली, बिजवराला. शेती भरपूर आणि गोषा आमच्याहून कडक. म्हणजे ती गेलीच. मी एकटी राहिलेच. खोटं बोलून मला काय मिळालं?

पंचमीला यायची. पोरांचं सांगायची, म्हशीचं सांगायची. वाईट एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसानंतर तिनं मला कधी काही विचारलं नाही. भाजीत मीठ किती घालू, एवढंसुद्धा नाही.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी सगळीकडं दंगाधोपा होता, तेव्हा ती लेकीला घेऊन काही आठवडे आमच्याकडं राहायला आली. एका सकाळी ती लेकीची वेणी घालत होती, तेवढ्यात घरावरून विमान गेलं. पोरगी आईला बिलगली आणि म्हणाली, "आई, ते खाली का पडत न्हाई?"

कौसा म्हणाली, "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं? बापाला इचार."

पोरगी माझ्याकडं वळली. "मामी, तुम्हाला म्हाईत हाय?"

तेव्हा कौसानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ. लेकीच्या केसातला तिचा हात तसाच थांबला होता.

विमानाचंही वडिलांनी मला सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "न्हाई."

तिनं मान खाली घातली आणि लेकीची वेणी पुरी केली. दंगाधोपा निवळला तशी ती घनसावंगीला परत गेली. काही वर्षांनी तिकडंच तापानं गेली. तोवर ती अनेकदा समोर बसली होती, आणि मी सांगितलं नाही.

घरात कुणी तिचं नाव काढलं की म्हणायचे — कौसा गुणी, पण डोक्यानं जरा मंद. मी तिथंच वाढत असायचे. ऐकायचे, आणि पुढच्या ताटाकडं जायचे. कौसा माझ्यापेक्षा हुशार होती. त्या घरात हे मला एकटीलाच माहीत होतं.